ल्युटनचे २६ गुण

ऑफसाइड (धागाकर्ता)

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. २०२३-२४ च्या मोसमात मी ल्युटन टाउन या इंग्लिश फुटबॉल क्लबचे जवळजवळ सगळे सामने पाहिले. त्याआधी या क्लबशी माझं काडीचं नातं नव्हतं. २७ मे २०२३ ला वेम्ब्लीवर कॉव्हेंट्रीविरुद्धची प्ले-ऑफ फायनल (बढतीच्या शेवटच्या जागेसाठीचा सामना) सहज लावली आणि अडकलो ते अडकलोच. १-१, मग पेनल्टी शूटआऊट, ६-५. कॉव्हेंट्रीची एक पेनल्टी बारवरून गेली आणि ल्युटन इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत, प्रीमियर लीगमध्ये आले. त्याच सामन्यात सुरुवातीला त्यांचा कर्णधार टॉम लॉकियर मैदानावर कोसळला होता. विजयाचा जल्लोष त्याने रुग्णालयातून पाहिला.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९९२ मध्ये ल्युटन अव्वल श्रेणीतून खाली गेले आणि पुढच्याच मोसमापासून प्रीमियर लीग सुरू झाली. म्हणजे पंगत बसली आणि हे नुकतेच उठून गेलेले. नंतर पैशाचे गोंधळ, दिवाळखोरी, आणि २००८-०९ च्या मोसमाला सुरुवातच उणे ३० गुणांनी. त्या वर्षी ते फुटबॉल लीगमधूनच बाहेर फेकले गेले. पाच मोसम पाचव्या पायरीवर काढले, २०१४ मध्ये परत आले, २०१८ आणि २०१९ मध्ये लागोपाठ दोन बढत्या. पेली रडॉक म्पान्झू हा मधल्या फळीतला गडी डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे पाचव्या पायरीपासून संघात होता. एकाच क्लबबरोबर तिथून प्रीमियर लीगपर्यंत चढलेला तो पहिला खेळाडू.

मैदान केनिलवर्थ रोड, जेमतेम १२ हजार माणसांचं. पाहुण्या प्रेक्षकांनी आत जायचं ते चाळीसारख्या घरांच्या रांगेतल्या एका बोळातून. जिना चढताना खाली लोकांची परसं दिसतात. प्रीमियर लीगच्या कॅमेऱ्यांना आणि दिव्यांना जागा हवी म्हणून एक अख्खा स्टँड नव्याने बांधावा लागला. तो वेळेत झाला नाही, त्यामुळे बर्नलीविरुद्धचा पहिला घरचा सामनाच पुढे ढकलला.

आता मोसम. ब्रायटनकडे पहिला सामना, १-४. घरी वेस्ट हॅमकडून १-२. पहिला गुण वुल्व्ह्जविरुद्ध १-१. पहिला विजय ३० सप्टेंबरला एव्हर्टनच्या मैदानावर, २-१. शेवटी हिशोब असा: ६ विजय, ८ बरोबरी, २४ पराभव, २६ गुण, वीस क्लबांत अठरावा क्रमांक. शेवटचे तीन खाली जातात, म्हणून परत खाली.

मला म्हणायचंय ते एवढंच की हे २६ गुण मला अपयश वाटत नाहीत. घरच्या मैदानावर लिव्हरपूल ९५ व्या मिनिटाला बरोबरी साधून सुटले. आर्सेनलला ४-३ साठी ९७ व्या मिनिटापर्यंत थांबावं लागलं, डेक्लन राइसच्या हेडरसाठी. मँचेस्टर सिटी मध्यंतराला ०-१ ने मागे होती. चेल्सीविरुद्ध ०-३ वरून २-३ पर्यंत आले. ब्रायटनने पहिल्याच दिवशी चार गोल मारले होते, त्याच ब्रायटनला ३० जानेवारीला ४-० ने परत पाठवलं. एलायजा अडेबायोची हॅटट्रिक, पहिला गोल १८ व्या सेकंदाला. त्या रात्री ल्युटन तळाच्या तिघांतून वर आले होते. मी तर चक्क पुढच्या मोसमाचे बेत करत होतो.

बढती मिळालेला क्लब पहिल्या मोसमात काय मिळवू शकतो आणि त्याने काय मिळवायचा प्रयत्न करावा, यावर इतरांची मतं वाचायला आवडतील. "खाली गेले म्हणजे संपलं" हे उत्तर मला पटत नाही.

---

आकडेमोड

धागा आवडला. पण भावना बाजूला ठेवून जरा गणित मांडू.

तुमच्याच यादीतले उशिराचे गोल घेऊ. लिव्हरपूलचा ९५ व्या मिनिटाचा काढला तर २ गुण वाढतात. आर्सेनलचा ९७ व्या मिनिटाचा काढला तर १. ॲस्टन व्हिलाविरुद्ध ०-२ वरून २-२ केलं होतं, तिथे दिन्येने ८९ व्या मिनिटाला मारला, तो काढला तर १. टॉटनहॅमकडे सोनचा ८६ व्या मिनिटाचा, अजून १. बोर्नमथकडचा ४-३ चा शेवटचा गोल ८३ व्या मिनिटाचा, अजून १. एकूण ६.

२६ अधिक ६ म्हणजे ३२. सतराव्या क्रमांकाच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण किती? ३२! आणि गोलफरक? फॉरेस्टचा उणे १८, ल्युटनचा उणे ३३. हे पाच गोल वजा केले तरी उणे २८. म्हणजे एवढं सगळं दान तुमच्या बाजूने टाकूनही ल्युटन खालीच जातात.

आता उलटी बाजू. फॉरेस्टकडे २-२, अडेबायोचा बरोबरीचा गोल भरपाई वेळेत. फॉरेस्टविरुद्ध घरी १-१, ल्युक बेरी, ८९ वं मिनिट. बर्नलीकडे १-१, कार्ल्टन मॉरिस, पुन्हा भरपाई वेळ. बोर्नमथविरुद्ध घरी २-१, मॉरिस, ९० वं मिनिट. हे उशिराचे गोल काढले तर ५ गुण जातात. दैवाने एका हाताने घेतलं आणि दुसऱ्या हाताने जवळजवळ तेवढंच परत दिलं.

मोसम गेला तो ८५ गोल खाल्ल्यामुळे. बाकी सगळं सुरस आणि चमत्कारिक.

---

बाकावरचा

वाह, आकडेमोडराव, एका माणसाचं सुख बघवलं नाही तुम्हाला.

---

डावखुरा

आकडेमोड यांच्याशी सहमत, पण ८५ गोल का खाल्ले यावर कोणी बोलत नाहीये. तिथेच खरी मेख आहे.

ल्युटनने त्या उन्हाळ्यात कोण घेतलं बघा. चिडोझी ओगबेने फुकट. रॉस बार्कली फुकट. अँड्रोस टाउनसेंड मोसम सुरू झाल्यावर फुकट. ताहिथ चाँग बर्मिंगहॅमकडून, गोलरक्षक कामिन्स्की ब्लॅकबर्नकडून, म्हणजे दोघेही खालच्याच श्रेणीतून. काही जण लोनवर. यातल्या बऱ्याच खेळाडूंनी अपेक्षेपेक्षा चांगला खेळ केला हे मान्य. बार्कली तर त्या वर्षी पुन्हा तरुण झाला होता. पण अव्वल श्रेणीत टिकायला आलेल्या संघाची ही खरेदी नव्हे. परत खाली जायची तयारी ठेवून केलेली ही खरेदी होती.

क्लबवाले स्वतःच म्हणायचे की आम्ही डोक्यावर कर्ज करून घेणार नाही. बरोबर आहे, एकदा भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हे तर उणे ३० भोगलेले. पण मग ते गोड गोड कौतुक नको. कमी खर्च करून अठरावं येणं हा पराक्रम नाही, तो निवडलेला मार्ग आहे. तो मार्ग योग्य होता की नाही एवढंच विचारा.

त्याच मोसमात फॉरेस्टकडे बघा. २०२२ मध्ये वर आले, पहिल्याच वर्षी वीसच्या वर खेळाडू आणले. सगळं जग हसत होतं. पण सोळावे आले, राहिले. दुसऱ्या वर्षी खर्चाचे नियम मोडले म्हणून ४ गुण कापले गेले, तरीही राहिले! त्यानंतरच्या मोसमात तर युरोपची जागा मिळवली. नियम पाळून ल्युटन खाली आणि नियम मोडून फॉरेस्ट वर. कटू आहे, पण असंच घडलंय.

---

ऑफसाइड

डावखुरा, तुमचा मुद्दा बोचला. म्हणजे बरोबर असणार.

पण "खर्च करा आणि टिका" हेही तितकं सरळ नाही ना? फुलहॅमने २०१८ मध्ये वर येऊन १० कोटी पौंडांहून अधिक उधळले आणि परत गेले. इप्सविचने २०२४ मध्ये तसाच खर्च केला, २२ गुण. साउथॅम्प्टननेही हात आखडला नव्हता, त्यांना मिळाले १२. डर्बीचा प्रीमियर लीगमधला ११ गुणांचा नीचांक थोडक्यात वाचला.

---

बाकावरचा

एक बाळबोध प्रश्न. हे खर्चाचे नियम सगळ्यांना सारखेच असतात ना? मग वर आलेल्या क्लबला वेगळं काय जाचतं?

---

आकडेमोड

प्रश्न बाळबोध नाही, कळीचा आहे.

तोट्याची मर्यादा तीन वर्षांची मिळून मोजायचे. प्रीमियर लीगमधल्या प्रत्येक वर्षासाठी ३.५ कोटी पौंड, म्हणून तिथे मुरलेल्या क्लबला तीन वर्षांत १०.५ कोटी तोटा चालायचा. पण खालच्या श्रेणीत काढलेल्या वर्षाला फक्त १.३ कोटी. म्हणजे दोन वर्षं खाली काढून नुकताच वर आलेला क्लब पकडा: ३.५ अधिक १.३ अधिक १.३. झाले ६.१ कोटी. फॉरेस्टला हीच मर्यादा लागू होती आणि त्यांनी ती जवळपास ३.५ कोटींनी ओलांडली.

थोडक्यात, ज्याला सगळा संघ नव्याने उभा करायचाय त्यालाच कमी तोटा मान्य. त्यात त्याची स्वतःची कमाई कमी, मैदान लहान, विकायला महागडे खेळाडू नाहीत. प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणातून तळाच्या क्लबलाही १० कोटी पौंडांच्या वर मिळतात हे खरं. पण ते पैसे वर आल्यावर, आणि समोरचे क्लब कित्येक वर्षं तेच पैसे घेत आलेत.

खाली गेल्यावर जे 'पॅराशूट' पैसे मिळतात तेही सांगून टाकतो. साधारण तीन वर्षं मिळतात, दर वर्षी कमी होत जाणारे. एकाच मोसमात परतलेल्या क्लबला मात्र दोनच वर्षं.

परिणाम बघा. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही क्लब खाली: ल्युटन २६, बर्नली २४, शेफिल्ड युनायटेड १६. शेफिल्डने तर १०४ गोल खाल्ले, ३८ सामन्यांच्या प्रीमियर लीग मोसमातला तो उच्चांक. २०२४-२५ मध्ये पुन्हा तिन्ही खाली: लेस्टर २५, इप्सविच २२, साउथॅम्प्टन १२. त्याआधी असं तिघं एकदम जायचा प्रसंग १९९७-९८ मध्ये आला होता. आणि त्या वेळी बोल्टन ४० गुण मिळवून गेले होते, फक्त गोलफरकावर! ४० गुणांत जाणं आणि २६ गुणांत जाणं यातलं अंतर म्हणजेच मधली पंचवीस वर्षं.

---

शून्य_शून्य

तुमचं सगळं प्रीमियर लीगच्या आसपासच फिरतंय. जगात फुटबॉल १९९२ मध्ये सुरू झालं नाही हो.

इप्सविचचंच घ्या, पण १९६१-६२ चं. क्लब आयुष्यात पहिल्यांदा अव्वल श्रेणीत आला आणि पहिल्याच मोसमात विजेता झाला. पहिल्याच! प्रशिक्षक आल्फ रॅम्झी, जे पुढे १९६६ चा विश्वचषक जिंकणार होते. संघात मोठं नाव एकही नाही. युक्ती साधी होती. डाव्या बाजूचा जिमी लेडबेटर विंगरच्या जागी न थांबता मागे मधल्या फळीत यायचा. समोरच्या बचावपटूला कळेना की त्याच्यामागे जायचं की जागेवर थांबायचं. तोवर चेंडू पुढे रे क्रॉफर्ड आणि टेड फिलिप्सकडे गेलेला असायचा. दोघांनी मिळून लीगमध्ये ६१ गोल मारले.

आणि मग काय झालं? १९६२ च्या चॅरिटी शील्डमध्ये (लीगविजेता विरुद्ध कपविजेता असा एकच सामना) टॉटनहॅमचे प्रशिक्षक बिल निकल्सन यांनी ते कुलूप उघडलं. मागे येणाऱ्या विंगरना पकडायला मधल्या फळीतले खेळाडू लावले आणि बचावपटूंना आत सरकवून त्या दोन गोल करणाऱ्यांवर ठेवलं. टॉटनहॅम ५-१. ती चाल सगळ्यांनी उचलली. विजेता इप्सविच पुढच्या मोसमात सतरावा आणि १९६४ मध्ये १२१ गोल खाऊन खाली.

मला यात बढती मिळालेल्या क्लबचं सगळं गणित दिसतं. पहिल्या वर्षी तुम्ही अनोळखी असता, तेच तुमचं भांडवल. शेफिल्ड युनायटेडचंही तेच झालं. २०१९-२० मध्ये ख्रिस वाइल्डरचे सेंटर-बॅक (मधले बचावपटू) चक्क कडेच्या विंग-बॅकच्या बाहेरून पुढे धावायचे. कोणाला कळेना यांना धरायचं कोणी. ५४ गुण, नववे. दुसऱ्या वर्षी ओ'कॉनेल जखमी, चाल सगळ्यांना पाठ, २३ गुण, शेवटचे.

जर्मनीचं कायझर्सलाउटर्न (१९९७-९८) आणि प्रशिक्षक ब्रायन क्लफचं नॉटिंगहॅम फॉरेस्ट (१९७७-७८) वर आले त्याच वर्षी विजेते झाले, ते वेगळं प्रकरण. फॉरेस्टने शिल्टनसारखा गोलरक्षक आणला होता. कायझर्सलाउटर्नचे प्रशिक्षक ओटो रेहागेलना बायर्न म्युनिकने १९९६ मध्ये काढून टाकलं होतं. दुसऱ्या श्रेणीतून कायझर्सलाउटर्नला वर आणून त्यांनी नव्या मोसमातला पहिलाच सामना म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध १-० ने जिंकला आणि शेवटी बायर्नच्याच दोन गुण पुढे राहून लीग घेतली. एवढा व्यवस्थित सूड क्वचित बघायला मिळतो.

---

बाकावरचा

रेहागेलबाबांना दंडवत.

---

गोलपोस्ट

शून्य_शून्य यांचा प्रतिसाद उत्तम. पण "अनोळखी असणं हेच भांडवल" हे ल्युटनला लागू पडतं का? मला नाही वाटत. ल्युटन काय करणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मागे तीन सेंटर-बॅक, कडेने डाउटीसारखे विंग-बॅक, क्रॉसवर क्रॉस, आणि पेटीत मॉरिस-अडेबायोसारखे धिप्पाड गडी. बचाव करताना मैदानभर माणसाला माणूस. तू याला धर, मी त्याला धरतो. प्रशिक्षक रॉब एडवर्ड्सने यात काहीच लपवलं नव्हतं.

माणसाला माणूस धरून खेळण्यात एक गंमत आहे. मोठ्या संघाला ते आवडत नाही, कारण त्यांना चेंडू शांतपणे फिरवायला मिळत नाही. म्हणून केनिलवर्थ रोडवर आर्सेनल, लिव्हरपूल, सिटी सगळ्यांची दमछाक झाली. पण त्यात प्रत्येक जण आपापली झुंज एकट्याने लढत असतो. एक जण थकला की मागे मोकळं रान. सत्तराव्या मिनिटाला ज्यांच्या बाकावर सहा-सहा कोटींचे खेळाडू बसलेत ते त्यांना उतरवतात. तुम्ही कोणाला उतरवणार?

बोर्नमथकडचा १३ मार्चचा सामना आठवा. मध्यंतराला ल्युटन ३-० ने पुढे. चाँग, ओगबेने, बार्कली. दुसऱ्या सत्रात चार खाल्ले. पन्नासाव्या मिनिटापासून पहिला गोल, मग दुसरा, तिसरा, आणि शेवटी सेमेन्योचा. न्यूकॅसलकडे ४-२ ने पुढे असताना ४-४. म्हणून आकडेमोड, तुमच्या 'दैव' या शब्दाला माझा आक्षेप आहे. एक-दोनदा झालं तर दैव. हे सारखं होत होतं, म्हणजे पायातली ताकद आणि बाकाची खोली.

त्यात जखमांनी कंबरडं मोडलं. फेब्रुवारीनंतर बचावफळी दर आठवड्याला नवी असायची. अडेबायोही मांडीमागच्या स्नायूच्या (हॅमस्ट्रिंग) दुखापतीने बाहेर बसला.

---

डावखुरा

+१. आणि बाकाची खोली पैशानेच येते, हेही म्हणा की एकदा!

---

गोलपोस्ट

म्हटलं. खूश?

---

ऑफसाइड

एक गोष्ट या सगळ्या हिशोबात कोणी घेतली नाही आणि मीही मूळ लेखात अर्धवटच लिहिली. लॉकियर.

वेम्ब्लीनंतर त्याच्या हृदयावर उपचार झाले, तो परत आला, पहिला विजय मिळाला त्या एव्हर्टनच्या सामन्यात गोलही त्याचाच होता. १६ डिसेंबरला बोर्नमथच्या मैदानावर तो पुन्हा कोसळला. या वेळी हृदयच थांबलं होतं. एडवर्ड्स बाजूच्या रेषेवरून धावत आत गेले ते दृश्य मी विसरू शकत नाही. वैद्यकीय पथकाने त्याला वाचवलं. १-१ वर सामना थांबवला गेला. तोच सामना मार्चमध्ये पुन्हा सुरुवातीपासून खेळवला आणि ३-० वरून ४-३ झाला, तो हा.

आठवड्याभरात, २३ डिसेंबरला, याच पोरांनी न्यूकॅसलला १-० ने हरवलं. तीन दिवसांनी शेफिल्डकडे ३-२. दोन स्वयंगोल मिळाले, हो, आकडेमोड, मला माहीत आहे. पण त्या आठवड्यात ते खेळायला उभे राहिले हेच मला मोठं वाटतं. कर्णधार गमावल्यावर बचाव ढासळला याला मी 'निवडलेला मार्ग' म्हणू शकत नाही.

---

डावखुरा

लॉकियरबद्दल दुमत नाही. त्यावर वाद घालणार नाही.

पण मोसम कुठे गेला ते तुम्हीच पुन्हा बघा. ब्रायटनला ४-०, न्यूकॅसलला ४-४, संघ सतराव्या जागेवर, सगळं तुमच्या मनासारखं. पुढचा सामना १० फेब्रुवारीला घरी, तळाला पडलेल्या शेफिल्ड युनायटेडशी. निकाल १-३. घरी बर्नलीकडूनही १-२. आर्सेनल-लिव्हरपूलशी झुंजायला छातीत दम भरतो, लोकही टाळ्या वाजवतात. पण ज्यांच्याबरोबर खाली जायचंय त्यांना घरी हरवता येत नसेल तर त्या टाळ्या गुणतालिकेत दिसत नाहीत. मोठ्यांसमोर समोरचा संघ चेंडू ठेवतो, तुम्ही धावून हिसकावता. शेफिल्डसमोर चेंडू तुमच्याकडे येतो आणि त्याचं काय करायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. तिथे ल्युटन अडकले.

२००८-०९ चा हल सिटी आठवा. तोही पहिलाच अव्वल मोसम. सप्टेंबरमध्ये आर्सेनलला त्यांच्या घरी २-१ ने हरवलं, सगळे डोक्यावर घेऊन नाचले. मग घसरण अशी की डिसेंबरात मँचेस्टर सिटीकडे मध्यंतराला ०-४, आणि प्रशिक्षक फिल ब्राउन यांनी खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये न नेता मैदानावरच प्रेक्षकांसमोर बसवून झापलं. तरी ३५ गुणांवर सतरावे, राहिले. का? सुरुवातीला गाठीला बांधलेले गुण पुरले म्हणून.

---

नव्वदावं_मिनिट

मी फुटबॉल अलीकडेच बघायला लागलोय, धागा दोनदा वाचला. दोन शंका. एक, ल्युटनचं पुढे काय झालं? दोन, आपल्या आयएसएलमध्ये हे वर-खाली असतं का?

---

आकडेमोड

दुसऱ्याचं आधी. आय-लीग (आयएसएलच्या खालची लीग) जिंकून बढती मिळवणारा पहिला क्लब पंजाब एफसी. २०२३-२४ हा त्यांचा पहिला आयएसएल मोसम, त्यात ते आठवे आले. पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग वर आले आणि शेवटचे राहिले. पण तळाला राहून खाली जायची तलवार त्यांच्या डोक्यावर नव्हती. त्यामुळे या धाग्यातली धाकधूक तिथे लागू होत नाही.

पहिल्याचं उत्तर धागाकर्ते देतील. मी दिलं तर म्हणतील सुख बघवत नाही.

---

ऑफसाइड

देतो. टाळत होतो खरं तर.

२०२४-२५ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, ल्युटन वर यायच्या दावेदारांत धरले जात होते. जानेवारीत एडवर्ड्स गेले. शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमकडे ३-५ हरून तिसऱ्या पायरीवर घसरले. ४९ गुण, आणि तेवढ्याच गुणांवर हल सिटी गोलफरकाने वाचली. लागोपाठ दोन घसरणी. म्हणजे कर्ज न करता, जपून, पुढची पाच वर्षं बघून चाललेल्या क्लबचं हे झालं. डावखुरा, तुम्ही हे आधी काढलं नाहीत याबद्दल आभार.

मूळ लेखात मी म्हटलं की २६ गुण अपयश नाही. ते अजूनही म्हणतो. पण "पैसे राखले म्हणून पुढे बरं होईल" असं जे माझ्या मनात होतं आणि लिहिलं नव्हतं, ते चुकलं. पहिला मोसम संपला की तो संपला. त्यातून आलेले पैसे उरतात, पण ज्या पोरांनी तो खेळला ती पोरं उरत नाहीत. बार्कली व्हिलाकडे गेला, ओगबेने इप्सविचकडे. राहिलेले दमलेले.

---

शून्य_शून्य

हे मात्र नेहमीचंच नाही. उलटी उदाहरणंही आहेत. ब्रेंटफर्ड २०२१ मध्ये वर आले, पहिल्या सामन्यात आर्सेनलला २-० ने हरवलं, तेरावे आले आणि पुढेही टिकून राहिले. युनियन बर्लिन २०१९ मध्ये पहिल्यांदा जर्मनीच्या बुंडेसलीगात आले, पहिलाच घरचा सामना लाइपझिगकडून ०-४, मग दोन आठवड्यांत डॉर्टमुंडला ३-१. ४१ गुण, अकरावे. त्यांचं मैदान तर पाठीराख्यांनी स्वतः राबून बांधलेलं. आणि एइबार! २०१४ मध्ये स्पेनच्या ला लीगात आले तेव्हा भागभांडवल पुरेसं नाही म्हणून लोकांना समभाग विकून उभं करावं लागलं. पहिल्या मोसमात अठरावे, म्हणजे खाली. पण एल्चेला पैशाच्या थकबाकीमुळे खाली ढकललं आणि एइबार राहिले. असे एकूण सात मोसम तिथेच.

---

डावखुरा

एइबारचा हिशोब चोख होता, म्हणून समोरच्याची थकबाकी त्यांच्या कामी आली. चला, आज एक मत ऑफसाइड यांच्या पारड्यात. एकच.

---

नव्वदावं_मिनिट

धन्यवाद सगळ्यांना. सगळे ३८ बघायला वेळ नाही. ल्युटनचा त्या मोसमातला एखादाच सामना पूर्ण बघायचा तर कुठला बघू?

---

गोलपोस्ट

न्यूकॅसल ४-४.

---

आकडेमोड

घरी शेफिल्ड युनायटेड १-३. शिकायला.

---

ऑफसाइड

आकडेमोड यांचं ऐकू नकोस. फॉरेस्टविरुद्धचा घरचा १-१ बघ. खेळ फार सुंदर नाही, पण ८९ व्या मिनिटाला बेरी मारतो तो गोल बघ. २०१७ पासून, चौथ्या पायरीपासून क्लबमध्ये असलेला माणूस, राखीव म्हणून उतरलेला. त्यानंतर केनिलवर्थ रोडचा आवाज ऐक, हेडफोन लावून.

आणि बोर्नमथकडचा बघायचाच असेल तर मध्यंतरापर्यंत बघ. तेव्हा ३-० आहे. मग बंद कर.